पानाची मागची बाजू

पोटच्या पोरीला ‘ताई’ म्हणायची वेळ कोणावर येऊ नये. म्हाताऱ्यावर ती आली होती, आणि त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. रोज सकाळी चहा झाला की तो खोलीचं दार लोटून घ्यायचा, पलंगावर पाय वर घेऊन बसायचा, चष्मा सदऱ्याला पुसायचा आणि मोबाइलवर एका बोटाने टाइप करायचा, ‘ताई, काकडीच्या पानांवर पिवळे डाग पडलेत. काय करावं?’

ताई भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेली असायची.

ती भिंत नुसती नावाची. लेक खुर्ची सरकवायची ते इकडे कळायचं, शिंकायची तेही कळायचं. जरा वेळाने तिचा आवाज यायचा, मोकळा, समजुतीचा. ‘काका, डाग चौकोनी आहेत की गोल? पान उलटं करा आणि मागच्या बाजूचा फोटो टाका बघू.’ हा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग मोबाइलमधून. म्हातारा दोन्ही ऐकायचा. भिंतीतला ऐकताना त्याला चोरून ऐकल्यासारखं वाटायचं. मोबाइलमधला मात्र खास त्याच्यासाठी असायचा, ‘काका’ अशी हाक मारून दिलेला. तो मोबाइल कानाशी धरून पुन्हा पुन्हा लावायचा.

दुपारी तीच लेक पाण्याची बाटली ठेवायला खोलीत यायची. ‘औषध घेतलंत?’ ‘घेतलं.’ ‘बरं.’ एवढं झालं की ती गेलेली असायची. बापलेकीचं दिवसाचं बोलणं संपलं.

लेक एका रोपवाटिकेत कामाला होती. काम घरूनच. रोपवाटिका टोमॅटो, काकडी, कोबीची तयार रोपं ट्रेमधून विकायची आणि घेणाऱ्यांना पुढे काही अडलं तर विचारायला तिने एक ॲप काढलं होतं. ॲपमध्ये एक गट होता. त्यात कोणी खरं नाव लावत नसे. कोबीवाला होता, मधमाश्या पाळणारी एक बाई होती, तिला सगळे ‘मधमाशी मावशी’ म्हणत. आणि सगळ्यांना उत्तरं देणारी ती ‘ताई’, मग विचारणारा तिच्या दुप्पट वयाचा का असेना. लेकीने गटाला एकच नियम घालून दिला होता. प्रश्न विचारायचा तर पानाचे दोन फोटो हवेत, एक वरच्या बाजूचा आणि एक मागचा. कीड मागच्या बाजूला बसते, असं ती सारखी बजावायची.

म्हातारा ‘वेलवाला’ या नावाने आत शिरला होता. लेकीच्या खोलीत रोपांचे नमुने असायचे, त्या ट्रेवर ॲपचं नाव छापलेलं होतं. एकदा ती आंघोळीला गेली असताना त्याने ते वाचून घेतलं. शिरताना मनात पाप नव्हतं. लेक दिवसभर लोकांशी काय एवढं बोलते, ते नीट ऐकावं, एवढंच. पण गटात नुसतं बसून राहणाऱ्याला कोणी ना कोणी टोकतंच. कोबीवाल्याने विचारलं, ‘वेलवाले, तुमचा कसला वेल? का नुसताच वेल्हाळपणा?’ सगळे हसले. म्हाताऱ्याने घाईने लिहिलं, ‘काकडीचा.’

आणि तिथेच फसला, कारण त्याच्याकडे काकडीचा वेल नव्हता. वेल लावायला जमीन नव्हती. होती ती विकून झाली होती, आणि आता तो लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होता, जिथे माती म्हणजे फरशी पुसताना बादलीत उतरेल तेवढीच.

फोटो मात्र होते. शेत होतं तेव्हा पानावर काही दिसलं की तो फोटो काढून औषधाच्या दुकानदाराला नेऊन दाखवायचा. ते सगळे मोबाइलमध्ये तसेच पडून होते. त्यातला एकेक तो बाहेर काढू लागला. मागे झाडं किंवा विहिरीचा कठडा दिसत असेल तर फोटो कापून नुसतं पान ठेवायचा. लेक त्याच शेतात लहानाची मोठी झालेली. पण ती आता पानापलीकडे बघत नव्हती. डाग, शिरा, कडा एवढंच तिला दिसायचं. आपल्या घरची काकडी तिने ओळखली नाही, याचं म्हाताऱ्याला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं काकडी पिकवलेल्या माणसाला केवडा आणि भुरी या पानांवरच्या दोन रोगांतला फरक विचारायची काही गरज नव्हती. तो माहीत असलेलंच विचारायचा. नवखा वाटावा म्हणून मुद्दाम चुकायचाही. लेक समजावून सांगायची तेव्हा ‘हो का? हे माहीतच नव्हतं,’ असं लिहायचा. कधीकधी ती सांगायची ती युक्ती त्यानेच तिला लहानपणी बांधावर बसवून शिकवलेली असायची. तीही तो नव्याने ऐकून घ्यायचा.

गटात माणसं नुसती पानं घेऊन येत नसत, हे त्याला हळूहळू कळलं. सकाळी कोणीतरी लिहायचं, ‘आज काय उपटलं?’ मग ज्याच्या हातात जे असेल त्याचा फोटो पडायचा. मुळा, तण, तुटलेला नळ. कोबीवाल्याने एकदा बायकोच्या केसातला पांढरा केस उपटला म्हणून फोटो टाकला आणि दिवसभर बोलणी खाल्ली. मधमाशी मावशीच्या पेट्यांमधून माश्या उडून गेल्या, तेव्हा ती तीन ओळी लिहून गप्प झाली. इतर दोन दिवस हळहळले आणि विसरले. म्हातारा विसरला नाही. रोज सकाळी तिला विचारायचा, ‘मावशी, पाहुण्या परतल्या का?’ त्याला दुसरं काम तरी काय होतं. कोबीवाल्याची तीच बायको पुढे दवाखान्यात होती तेव्हाही तो रोज चौकशी करायचा.

लेकीचा आवाज बसला ती गोष्ट याच दिवसांतली. ती भिंतीपलीकडे सारखी खोकत होती. म्हातारा ऐकत होता. उठून जावं, गरम पाणी करून द्यावं, असं दहादा मनात आलं. पण त्यांच्यातलं बोलणं इतकं आटलं होतं की नुसतं ‘खोकला कसा आहे?’ एवढं विचारायलासुद्धा त्याला धीर होईना. शेवटी त्याने ॲपवर, इतरांना दिसणार नाही असा खासगी निरोप धाडला. ‘ताई, आवाज बसलेला वाटतो. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा आणि आज फार बोलू नका.’

लगेच उत्तर आलं. ‘काका, किती बरं वाटलं. घरात कोणी विचारलं नाही, तुम्ही एवढ्या लांबून विचारलंत.’

म्हातारा मोबाइल उशीखाली सारून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मग पलीकडून गुळण्या केल्याचा आवाज आला.

तेव्हाच त्याने कानाला खडा लावायला हवा होता. लावला नाही. लेक आता अधूनमधून आपण होऊन खासगीत लिहू लागली. ‘काका, मला ताई काय म्हणता, मुलीसारखी आहे मी तुमच्या,’ असंही तिने लिहिलं. म्हातारा तरीही ताईच लिहीत राहिला. आणि एका दुपारी, इकडे पाण्याची बाटली ठेवून गेल्यावर थोड्याच वेळात, तिने हे लिहिलं.

‘काका, एक विचारू? माझे बाबाही शेतकरी होते. गुडघे गेले, आई गेली, एकटे पडले होते. मीच मागे लागून त्यांना जमीन विकायला लावली आणि इथे आणलं. सही करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून नीट बोलतही नाहीत. मला त्यांच्या खोलीत पाय टाकायचीच लाज वाटते. पाणी ठेवते आणि पळून येते. त्यांनी मला माफ केलं असेल का हो?’

म्हाताऱ्याने ते वाचलं. हे वाचायचा हक्क जगात कोणाला नसेल तर तो त्यालाच नव्हता. त्याने बऱ्याच वेळाने लिहिलं, ‘रागावले नसतील ते.’

लेकीने उत्तर दिलं, ‘तुम्हाला काय माहीत काका. तुम्ही कुठे ओळखता त्यांना.’

आता इथे म्हाताऱ्याचं पोटातलं सांगायला हवं. तो खरोखरच रागावला नव्हता. सही केली तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. पहाटेचं पाणी, फवारणी, औषधाचा वास, बाजारात मातीमोल जाणारा माल, दुखणारे गुडघे, सगळ्यातून एका सहीने सुटका झाली होती. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि त्याचीच त्याला भयंकर लाज वाटली. जन्मभर ज्या मातीचं खाल्लं ती जाताना डोळ्यांतून टिपूस येऊ नये आणि वर आनंद व्हावा, हे तोंड लेकीला कसं दाखवायचं? म्हणून त्याने बघितलं नाही. पुढे लेकीने तो दुःखी आहे असंच धरलं, तेव्हा त्याने दुःखी माणसासारखं गप्प राहायचं ठरवलं. ते सोपं होतं. त्या गप्प राहण्याचा भार तिकडे लेक उचलत होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

हे सांगायचं तर वेलवाला सांगू शकत नव्हता. बापालाच सांगावं लागणार होतं. आणि बापाने सांगितलं की वेलवाला कोण, तेही बाहेर येणार. आपलं मन आपण कोणापाशी उघडं केलं हे लेकीला कळलं, तर ती पुन्हा तोंड तरी बघेल का? म्हाताऱ्याने उद्यावर ढकललं. मग परवावर. असं चालू राहिलं.

मधल्या काळात रोपवाटिकेत एक भानगड झाली. दुसऱ्या कुठल्यातरी रोपवाटिकेची माणसं खोट्या नावाने गटात शिरून रोगट पानांचे फोटो टाकतात आणि आपल्या रोपांची बदनामी करतात, असा वरिष्ठांना संशय आला. त्यांनी लेकीला ताकीद दिली. ती डोळ्यांत तेल घालून फोटो तपासू लागली. म्हाताऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याचे फोटो संपत आले होते. त्या सकाळी त्याने नागअळीने खाल्लेलं एक पान टाकलं. ही बारीक अळी पानाच्या आतून पोखरत जाते आणि मागे पांढरी वेडीवाकडी रेघ सोडते.

आता, असली रेघ दोन पानांवर कधी सारखी निघत नाही. हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं, लेकीलाही ठाऊक होतं. फक्त हेच पान आपण मागे एकदा दाखवून झालंय, हे म्हातारा विसरला होता. लेक पानं विसरत नसे. माणसांचे चेहरे लक्षात राहावेत तशी तिला पानं लक्षात राहायची.

भिंतीपलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग गटात दोन फोटो शेजारीशेजारी येऊन पडले. खाली लिहिलेलं होतं, ‘वेलवाले काका, ही दोन पानं नाहीत, एकच आहे. मागच्या हंगामातलं. तुमचे सगळे फोटो मी आज पुन्हा पाहिले. एकाही पानामागे शेत दिसत नाही. तुमच्याकडे वेल आहे तरी का? की तुम्हाला कोणी इथे पाठवलंय? आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला होता. मी तर फारच ठेवला होता.’

शेवटच्या वाक्याचा अर्थ गटात एकट्या म्हाताऱ्यालाच कळला.

खाली धडाधड निरोप येऊ लागले. कोणी हसलं, कोणी ‘चोर सापडला’ लिहिलं, कोणी पोलिसी टोपीचं चित्र टाकलं. म्हाताऱ्याने उत्तर लिहायला घेतलं. ‘माफ करा’ एवढं लिहून पुसलं. ‘ताई’ लिहून पुसलं. मग मोबाइल बंद करून तो संडासात जाऊन बसला, कारण त्या घरात कडी असलेली तेवढी एकच जागा त्याच्या वाट्याची होती.

त्या संध्याकाळी जावई घरी होता. तो शीतगृहात पाळीवर काम करायचा, माणूस हसतमुख, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा. जेवताना लेकीने त्याला सगळं सांगितलं. एरवी ताटावर गप्प असणारी ती, त्या दिवशी तिचा आवाज चढला होता.

‘किती दिवस येड्यासारखी मी त्याला शिकवतेय. आणि तो बसलाय तिकडे मजा घेत. असल्या माणसांना कामधंदा नसतो दुसरा.’

जावई हसला आणि म्हणाला, ‘पुढच्या वेळी त्याला प्लॅस्टिकचा वेल पाठव.’ मग सासऱ्यालाही बोलण्यात घ्यावं म्हणून चांगुलपणाने विचारलं, ‘काय बाबा, तुमच्या वेळी असले भामटे होते का?’

म्हाताऱ्याचा घास तोंडातच फिरत राहिला. तो म्हणाला, ‘असतील.’ मग म्हणाला, ‘नसेल त्या माणसाला कामधंदा.’

लेकीने त्याच्याकडे चमकून पाहिलं. ताटावर बाबा आपण होऊन चार शब्द बोलले याचंच तिला नवल वाटलं असावं. म्हाताऱ्याने ताटात हात धुतले आणि उठला. भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गटात वारं फिरलं. सुरुवात मधमाशी मावशीने केली. तिने लिहिलं, ‘ताई, तुमचं बरोबर आहे. पण माझ्या माश्या परतल्या का, हे रोज विचारणारा तो एकटाच होता. पानाचं त्याला फारसं पडलं नसावं. त्याला कोणाशी तरी बोलायचं असेल.’ कोबीवाल्याने लिहिलं की बायको दवाखान्यात असताना सख्खा भाऊ विसरला, पण वेलवाला एक दिवस चुकला नाही, आणि काल आपणही हसलो याची लाज वाटते. मग एकेक जण लिहू लागला. कोणी कबूल केलं की दोन वर्षांपासून आपणही काही पेरलेलं नाही, सवय लागली म्हणून येतो. एकीने लिहिलं की तिच्याकडे नुसती एक कुंडी आहे आणि त्या कुंडीतही काही नाही.

म्हातारा हे सगळं वाचत होता. शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या निमूट घेतल्या असत्या. हे चांगलं बोलणं मात्र त्याला सोसेना. ही सगळी माणसं एका खोटारड्यासाठी आपापली लक्तरं बाहेर काढत होती आणि तो पलंगावर पाय वर घेऊन बघत बसला होता.

भिंतीपलीकडे लेकीचा आवाज दोन दिवस जवळजवळ बंद होता. लागेल तेवढी उत्तरं ती लिहून देत होती. पाण्याची बाटली ठेवायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले दिसले. ‘औषध घेतलंत?’ तिने विचारलं. ‘घेतलं,’ म्हातारा म्हणाला. ती गेली.

रविवारी सकाळी, जावई पाळीवर गेलेला असताना, पलीकडून तिचा आवाज आला. घसा साफ केल्यासारखा, अडखळणारा. म्हातारा भिंतीला टेकून बसला.

‘वेलवाले काका, मी ताई बोलतेय. सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. चुकलं माझं. तुमच्याकडे वेल नसेल तर नसू दे. तुम्ही कोण आहात हेही मला नको. फक्त परत या. माझा आवाज बसला होता तेव्हा तुम्ही विचारलं होतंत. तुमच्यासारख्या माणसाला मी असं चारचौघांत… मला झोप लागत नाहीये काका.’

पलीकडचं बोलणं थांबलं, आणि थोड्या वेळाने तोच आवाज मोबाइलमध्ये सुरू झाला, ‘वेलवाले काका, मी ताई बोलतेय.’ म्हाताऱ्याने तो बंद केला. दुसऱ्यांदा ऐकायची ताकद नव्हती. आपण आणखी एक दिवस गप्प बसलो तर ही पोर आणखी एका माणसाची गुन्हेगार होऊन बसेल. एकाची तर आधीच होती. दोन्ही माणसं आपणच.

तो उठला. गुडघे कुरकुरले. लेकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत टेबलावर रोपांचे ट्रे होते, पानं तपासायचं भिंग होतं आणि त्यामागे लेक तळहातांनी डोळे पुसत बसली होती. बापाला दारात बघून ती गडबडीने उठली. ‘काय हवंय बाबा? चहा ठेवू?’

‘नको,’ म्हातारा म्हणाला. ‘तो वेलवाला मीच आहे.’

लेकीला कळलंच नाही. ‘कोण?’

‘तुझ्या गटातला. नागअळीचं पान. ते आपल्या विहिरीजवळच्या वेलाचं होतं. मीच टाकायचो ते फोटो.’

लेक आधी हसली, काहीतरी चेष्टा चालली आहे असं समजून. मग हसू जागच्या जागी थांबलं. ती मागे सरून खुर्चीवर बसली. म्हाताऱ्याला दिसत होतं, ती आता मनातल्या मनात एकेक निरोप परत वाचत होती. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

‘म्हणजे मी जे लिहिलं ते सगळं तुम्ही वाचलंत.’

‘वाचलं.’

‘आणि उत्तरंही दिलीत. “रागावले नसतील ते” म्हणून. इथे बसून.’ तिने भिंतीकडे बोट केलं. ‘बाबा, मला समोर येऊन विचारायचं होतं ना. बोलायचं होतं माझ्याशी.’

‘बोलतच होतो की,’ म्हातारा म्हणाला. ‘रोज सकाळी विचारत होतो.’

लेकीने नजर खाली टेबलावर वळवली. म्हाताऱ्याला वाटलं, आता माघारी वळावं. पण ज्यासाठी आलो ते अजून राहिलंच आहे. त्याने चौकटीचा आधार घेतला आणि दाराकडेच बघत सांगून टाकलं. की तो रागावला नव्हता. की सही करताना त्याला हायसं वाटलं होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून त्याने मान फिरवली. की शेत गेल्याचं दुःख त्याने नुसतं पांघरलं होतं, कारण बापाला आनंद झाला हे सांगायची त्याला लाज वाटत होती. बोलताना त्याची ततपप झाली, वाक्यं मागेपुढे झाली, पण सगळं सांगून झालं.

आपण पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, असं त्याला वाटलं होतं. ती उठून जवळ येईल अशीही, खोटं कशाला बोला, थोडी आशा होती. लेक जागची हलली नाही.

‘तुम्हाला हायसं वाटलं होतं,’ ती हळू म्हणाली. ‘आणि मी रोज तुमच्या खोलीबाहेर बाटली धरून उभी राहायची, आत जाऊ की नको म्हणून.’ तिचा आवाज फाटला. ‘बाबा, तुम्ही जरा जा इथून. मला आत्ता कोणी नकोय.’

म्हातारा गेला. खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला. पाय वर घ्यायचंही त्याला सुचलं नाही. आता सामान आवरावं का, आवरलं तरी जायचं कुठे, असे विचार मनात येत होते. लाज काय असते हे आजवर आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं. पण आत्तापर्यंतची लाज त्याने एकट्याने, दार लावून भोगली होती. ही लेकीने पाहिलेली होती.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग उशीजवळचा मोबाइल थरथरला.

वेलवाल्यासाठी खासगी निरोप होता. ‘काका, माझे बाबा आत्ता येऊन गेले. इतके दिवस त्यांनी मला गुन्हेगार राहू दिलं. मला त्यांचा खूप राग आलाय. एवढा राग मला कोणाचाच कधी आला नव्हता. त्यांच्यावर कधी ओरडले नाहीये मी. काय करू?’

म्हाताऱ्याने तो वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला, पुसला, लावला. एका बोटाने लिहायला त्याला फार वेळ लागला, कारण अक्षरं धड दिसत नव्हती. पहिल्यांदाच त्याने तिला ताई म्हटलं नाही.

‘पोरी, तो घरातच आहे. जा आणि त्याच्यावर ओरड. तो ऐकून घेईल.’

निरोप गेला. भिंतीपलीकडून मोबाइल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं, पावलं आली. या वेळी तिच्या हातात पाण्याची बाटली नव्हती. ती आत आली, पलंगावर त्याच्या समोर बसली आणि बोलायला लागली. ओरडणं काही तिला जमलं नाही, पण राग होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. सहीच्या दिवसापासून सुरुवात करून तिने एकेक गोष्ट काढली. मध्येच म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

‘मध्ये बोलू नका बाबा,’ ती म्हणाली. ‘अजून माझं संपलेलं नाही.’

तो बोलला नाही. कधी नव्हे ते लेक इतका वेळ त्याच्या खोलीत बसली होती, आणि तिचं लवकर संपू नये असं, लाजेने चूर झालेल्या त्या म्हाताऱ्याला मनापासून वाटत होतं.